डोंगल कोणाच्या खिशात?

मी ग्रामसेविका होते, त्यामुळे ‘सरपंचपती’ हा प्राणी मी जवळून पाहिलाय. मासिक सभेत खुर्ची बाईंची, बोलणं साहेबांचं. पूर्वी सहीला रजिस्टर घरी जायचं. आता वित्त आयोगाचे पैसे ऑनलाइन निघतात, तर बाईंच्या डिजिटल सहीचं डोंगल नवऱ्याच्या खिशात!

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. ते हवंच. मला सलतं ते सरपंचपदाच्या आरक्षणाचं दर पाच वर्षांनी फिरणं. एका सरपंचबाईंची पहिली दोन वर्षं इतिवृत्त समजून घेण्यात गेली. चौथ्या वर्षी त्यांनी पाइपलाइनची एमबी, म्हणजे कामाची मोजमाप वही मागवली, ठेकेदाराला चर उकरायला लावली, पाइप हलका निघाला तसं बिल अडवलं. पुढच्या सोडतीत पद खुलं झालं आणि पॅनेलवाले म्हणाले, “वहिनी, आता आराम करा.” खुल्या जागेवर बाईला कायद्याची आडकाठी नाही, बरं का. आडवे येतात ते पॅनेलवाले.

म्हणून सरपंचपदाचं आरक्षण सलग दोन मुदतींसाठी ठेवा. आणि या ऑनलाइन व्यवहारांचा ओटीपी बाईंच्याच मोबाइलवर येतो का, हे गटविकास अधिकाऱ्यांनी एकदा स्वतः फोन लावून पाहावं.