दारूखान्याचा काटा आणि फोनवरचा भाव

जानेवारी २०१४ मध्ये ‘विक्रांत’ ऑनलाइन लिलावात ६० कोटी रुपयांना विकली गेली. घेणारा होता मुंबईतल्या रे रोडच्या दारूखान्यातला जहाजे तोडणारा व्यापारी. आता कोणी म्हणेल, १९७१च्या युद्धात लढलेली अख्खी विमानवाहू नौका पडद्यावर विकता येते, तर बोल्ट, दोरखंड आणि महिन्याचा किराणा घ्यायला दुकान कशाला हवे? तंत्रज्ञानाने दुकानदार निकालात काढला आणि गिऱ्हाईक राजा झाले, असा हा पक्ष. आज त्याचा आवाज मोठा आहे. तो मला साफ चुकीचा वाटतो.

सौदा पडद्यावर झाला हे खरे. पण सर्वोच्च न्यायालयाची अखेरची परवानगी मिळाल्यावर, नोव्हेंबर २०१४ मध्ये, ती नौका तोडायला घेतली दारूखान्याच्या किनाऱ्यावर, माणसांच्या हातांनी. तुटलेल्या जहाजांतून निघणारा माल एकसारखा नसतो. दोन साखळ्या एकाच जाडीच्या दिसल्या तरी झीज वेगळी असते. जाणते गिऱ्हाईक कडी बोटांनी चाचपते, शॅकलची पिन फिरवून बघते, गंज वरवरचा की आत गेलेला ते खरवडून पाहते आणि मगच माल काट्यावर चढवते. त्या साखळीला उद्या टनभर ओझे लटकणार असते. तिच्याखाली उभ्या राहणाऱ्या हमालाला फोटो आणि पाच तारे वाचवू शकत नाहीत.

‘हे लोखंडाचे झाले, साबणाची वडी सगळीकडे सारखीच,’ असे उत्तर येईल. मान्य. बंद पाकीट चाचपायची गरज नाही. तिथे प्रश्न भावाचा आहे. आणि नेमका तिथेच हा ‘राजा’ फसतो. न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणे, पैसे भरायच्या शेवटच्या पायरीवर नवे शुल्क उगवणे, ‘दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई करणे: अशा १३ क्लृप्त्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढून मना कराव्या लागल्या. गिऱ्हाईक खरोखर राजा असते तर ही वेळ आली नसती.

म्हणून जुन्या दुकानाची आरती ओवाळावी, असेही मी म्हणत नाही. कच्चे बिल, मारलेले माप, ओळख बघून सांगितलेला दर हे सगळे गल्ल्यामागेच चालत आले. मुंबईत १९७५ साली ग्राहक पंचायत उभी राहिली ती उगीच नाही. शेजाऱ्यांनी गट करून घाऊक भावाने महिन्याचा माल घेतला, वाटून घेतला. पैसा वाचला तो एकजुटीने, कुठल्याही ॲपशिवाय.

तंत्रज्ञानाचे काम दुकान मोडण्याचे नाही, दुकानाचा व्यवहार उघडा करण्याचे आहे. त्याचा उत्तम पुरावा यूपीआय. २०१६ मध्ये ती आली. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या अशा व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचे नाही, असे ठरले. सार्वजनिक रस्त्यासारखी ती सर्वांना खुली आहे, म्हणून भाजीवाल्यापासून लोखंडवाल्यापर्यंत सगळ्यांनी ती आपलीशी केली. दुकानदार तंत्रज्ञानाला घाबरतो, हा आरोप तिथेच गळून पडतो. त्याचा विरोध आहे तो आपल्या आणि गिऱ्हाइकाच्या मध्ये बसून दोघांकडूनही वसुली करणाऱ्या मालकीला. त्याचे बरोबर आहे.

हाच न्याय दोन्हीकडे लावला पाहिजे. दारूखान्यातल्या दुकानात काट्याचा आकडा गिऱ्हाइकाला दिसेल असा समोर हवा आणि बिल पक्के हवे. फोनवरच्या दुकानात सगळ्या शुल्कांसह शेवटची रक्कम पहिल्याच पानावर हवी. वाचकांनो, हे मागायला संकोचू नका. नाकारले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.