भुंकणारा कुत्रा वाईट नसतो, आपली निवड चुकते



'माझा आवडता प्राणी : कुत्रा' हा निबंध आपण वर्षानुवर्षे तपासतोय. "कुत्रा इमानी असतो. तो घराची राखण करतो." जी वही उघडावी, तिच्यात हेच. तो का भुंकतो, हे कुणी लिहीत नाही आणि आपणही विचारत नाही. मला हा प्रश्न पडला तो बहिणीच्या कुत्र्यामुळे.

माझी धाकटी बहीण फिनलंडमध्ये, हेलसिंकीजवळच्या एस्पो शहरात राहते. भाचीच्या हट्टापायी त्यांनी फिनिश स्पिट्झ जातीचं पिल्लू आणलं. तांबूस-सोनेरी केस, ताठ कान, पाठीवर वळलेली शेपटी. अगदी कोल्हाच! म्हणून नाव ठेवलं केत्तू. फिनिश भाषेत केत्तू म्हणजे कोल्हा. आई फोनवर म्हणाली, "अगं, राहू-केतूतला केतू का? कशाला घरात घेतलास?"

सहा महिन्यांत बहिणीलाही तसंच वाटायला लागलं. जिन्यात पाऊल वाजलं की भुंकणं, खिडकीबाहेर पक्षी दिसला की भुंकणं. शेजाऱ्यांनी तक्रार केली, मग सोसायटीचं पत्र आलं. कुत्रा देऊन टाकायचं जवळजवळ ठरलं. भाची जेवेना.

तेव्हा शेजारच्या इमारतीतल्या एका आजोबांनी बहिणीला एकच प्रश्न विचारला, "याचं काम काय, माहीत आहे?" ते तरुणपणी शिकारीला जात. त्यांनी जे सांगितलं ते ऐकण्यासारखं आहे.

हा कुत्रा जंगलात शिकाऱ्याच्या पुढे गुपचूप पळतो. मोठा रानकोंबड्यासारखा पक्षी हुडकतो. पक्षी उडून झाडावर बसला की हा खाली उभा राहून भुंकू लागतो, शेपटी हलवतो, इकडून तिकडे फिरतो. पक्ष्याचं सगळं लक्ष त्याच्यावर खिळतं आणि त्या आवाजाच्या दिशेने शिकारी हळूच जवळ येतो. पक्षी उडाला की कुत्रा गप्प! पुन्हा शोध, पुन्हा भुंकणं. मिनिटाला १६० वेळांपर्यंत तो भुंकतो, असं सांगतात. तिकडे अशा कुत्र्यांच्या भुंकण्याच्या स्पर्धाही होतात. १९ व्या शतकाच्या शेवटी इतर कुत्र्यांशी संकर होऊन ही जात संपत आली होती. हुगो रूस आणि हुगो सांडबेर्ग यांच्यासारख्या माणसांनी चांगले कुत्रे शोधून ती टिकवली. १९७९ मध्ये तो फिनलंडचा राष्ट्रीय कुत्रा झाला.

म्हणजे ज्या गुणासाठी पिढ्यान् पिढ्या निवड झाली, त्याच गुणाबद्दल आपण फ्लॅटमध्ये त्याला ओरडतो. यात चूक कुणाची? माझ्या मते, फोटो पाहून कुत्रा आणणाऱ्याची.

मग बहिणीने काय केलं? आधी ओरडणं बंद केलं. आपण ओरडलो की कुत्र्याला वाटतं, हेही माझ्याबरोबर भुंकतायत! दोन-तीनदा भुंकू द्यायचं, शांतपणे 'पुरे' म्हणायचं आणि तो गप्प झाला की त्याच क्षणी खाऊ. खिडकीच्या खालच्या भागाला कागद लावला. रोज दोन वेळा लांब फेरी आणि गवतात खाऊ लपवून नाकाने शोधायचा खेळ. तिथे १ मार्च ते १९ ऑगस्ट कुत्रा बाहेर नेताना पट्ट्यात किंवा लगेच पट्टा लावता येईल इतका जवळ ठेवावा लागतो, म्हणून लांब दोरी. शेजाऱ्यांकडे जाऊन मोकळेपणाने बोलले. केत्तू आजही भुंकतो, पण थांबतो. तो घरातच आहे.

हे लांबच्या देशातलं म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडेही वाढदिवसाची भेट म्हणून पिल्लू येतं. मुलं लाड करतात, चार महिन्यांनी "फार त्रास देतो हो" म्हणून ते दुसऱ्याच्या गळ्यात जातं, नाहीतर रस्त्यावर. त्यातून मूल काय शिकतं? जीव अवघड झाला की टाकून द्यायचा. 'भूतदया' हा धडा आपण वर्गात कितीही शिकवला, तरी घरचा हा धडाच त्याच्या लक्षात राहतो.

म्हणून पालकांना माझी विनंती, पिल्लू आणण्याआधी त्या आजोबांचा प्रश्न मुलासोबत बसून सोडवा : याचं काम काय? ते काम करायला आपल्या घरात जागा, वेळ आणि शेजार आहे का? नसेल तर मुलाला स्पष्ट 'नाही' म्हणा. तेही प्रेमच आहे.

आणि शिक्षकांनो, वर्गात सतत बोलणारं एखादं मूल तुमच्याकडेही असेल. त्याला 'गप्प बस' म्हणण्याआधी मी हल्ली त्याला काहीतरी काम देऊन बघते. बऱ्याचदा उपयोग होतो. या वर्षी निबंधाचा विषयही बदललाय : 'माझा कुत्रा का भुंकतो?' तुमच्या वर्गात देऊन पाहा आणि मुलं काय लिहितात ते नक्की कळवा.