बंदी घाला, पण कारण सांगा

माहीमहून पालघरला निघालेल्या एसटीत कंडक्टरला प्रवाशाच्या पिशवीत काय आहे ते दिसत नाही. तिकीट कुठले काढले ते मात्र कळते. इंटरनेटचेही तसेच आहे. संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण बहुधा सांकेतिक रूपात असते, पण संकेतस्थळाचे नाव सुरुवातीला बहुतेक वेळा उघडेच जाते. सेवा पुरवणारी कंपनी ते वाचते आणि बंदीच्या यादीत असेल तर वाट अडवते.

‘टॉर’सारखी मुक्त साधने तिथे दुसरी वाट काढतात. निरोपावर आवरणे चढवून तो साधारणपणे तीन संगणकांमधून पाठवला जातो. प्रत्येकाला फक्त मागचा आणि पुढचा थांबा ठाऊक असतो. या साधनाचा कोड कोणालाही तपासता येतो. फुकट मिणाऱ्या अनोळखी व्हीपीएन अॅपबाबत ही खात्री नसते.

अशा वाटेने गुन्हेगारही जातात, हे खरे. पण अडवले जाणारे सारे गुन्हेगार नसतात. घरोघरी व्हिडिओ पाहायला वापरल्या जाणाऱ्या ‘व्हीएलसी’चे संकेतस्थळ २०२२ मध्ये भारतात कित्येक महिने बंद होते. आपल्याला काही कळवलेच नाही, असे चालकांचे म्हणणे होते. कायदेशीर नोटीस दिल्यावर नोव्हेंबरमध्ये ते खुले झाले.

पालघरला या प्रश्नाची झळ आधीच लागली आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबाबत फेसबुकवर लिहिल्याबद्दल आणि त्याला पसंती दिल्याबद्दल येथील दोन तरुणींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. त्यानंतर श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ‘६६ अ’ रद्द केले. त्याच निकालात संकेतस्थळे रोखण्याचा अधिकार देणारे ‘६९ अ’ मात्र कायम राहिले. कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्यांना न्यायालयात आव्हान देता येते, हा त्यामागचा एक आधार होता.

पण २००९ च्या नियमांनुसार ही कारवाई गोपनीय ठेवायची असते. जो आदेश पाहायलाच मिळत नाही, त्याला आव्हान द्यायचे कसे? म्हणून बंदीचा आदेश, त्याचे कारण आणि मुदत जाहीर झाली पाहिजे. खरोखरच गुप्त ठेवण्याजोगा भाग तेवढा झाकावा. मुक्त साधने वाट काढून देतील. वाट का अडवली, याचे उत्तर सरकारनेच द्यायला हवे.