आमच्या जीसीसीवर चालतंय, मग पुरे?

व्हीएलसीमध्ये लग्नाची चित्रफीत लावलीत, की तिच्या पोटात एफएफएमपेग नावाची लायब्ररी राबत असते. फाब्रीस बेलार या फ्रेंच माणसाने २००० साली सुरू केलेला हा मुक्तस्रोत प्रकल्प. बहुतेक सगळा सी भाषेत, आणि जिथे वेग हवा तिथे हाताने लिहिलेलं असेंब्ली.

इथे जर्मनीत माझ्या नोकरीचा एक भाग म्हणजे ही लायब्ररी लिनक्सवर जीसीसीने, मॅकवर क्लँगने आणि विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने मुळापासून बांधणे. पुण्यातले मित्र हसतात. "अरे, तयार डीएलएल उतरवून घे की! आणि बांधायचीच तर जीसीसीवर बांध, झालं. बाकीचे दळण कशाला?" मला हे पटत नाही. का, ते सांगतो. (थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.)

सी भाषा प्रमाण असली तरी प्रत्येक कंपायलरची बोली वेगळी. एफएफएमपेग तेव्हा सी९९ मध्ये लिहिलेलं होतं; आणि मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला त्यातलं बरंचसं व्हिज्युअल स्टुडिओ २०१३ येईपर्यंत कळतच नव्हतं. स्ट्रक्टमधल्या घटकांना नावाने किंमत देणं ही साधी सोयसुद्धा नाही! शेवटी काही मंडळींनी सी९९ चं जुन्या सी८९ मध्ये भाषांतर करून देणारा वेगळा प्रोग्रामच लिहिला. म्हणजे दुभाषा ठेवून संसार.

विंडोजवरची दुसरी गंमत. एफएफएमपेगची कॉन्फिगर ही शेल स्क्रिप्ट, म्हणून एमएसवायएस२ लागतं. त्यात फाइलची हार्ड लिंक करणारी लिंक नावाची आज्ञा आहे, आणि मायक्रोसॉफ्टच्या लिंकरचं नावही लिंकच! एकाच वाड्यात दोन देशपांडे, आणि पोस्टमन नेमका चुकीच्या देशपांड्यांचं दार वाजवतो. पाथचा क्रम नीट लावला नाही, तर या घोळात अख्खी दुपार जाते.

पण खरा मुद्दा याहून खोल आहे. या कोडमध्ये जागोजागी 'एक्स८६ असेल तर हे फंक्शन बोलाव' अशी साधी इफ असते. एआरएमसाठी बांधताना ते फंक्शन अस्तित्वातच नसतं. अट कायमची शून्य, म्हणून कंपायलर ती ओळ गाळून टाकेल असं गृहीत धरलेलं. आता सीच्या प्रमाण ग्रंथात 'मेलेला कोड गाळलाच पाहिजे' असं कुठेही म्हटलेलं नाही. ऑप्टिमायझेशन बंद केलं आणि कंपायलरने ती ओळ ठेवली, की लिंकर त्या नसलेल्या फंक्शनच्या नावाने ओरडतो. एकाच कंपायलरवर आयुष्य काढलेल्याला वाटतं, हा भाषेचाच नियम. दुसरा कंपायलर लावला की समजतं, ती त्या घरची रीत होती!

उलटही होतं. जीसीसीचं आपोआप व्हेक्टर करण्याचं कसब एफएफएमपेगच्या मंडळींनी अनेक वर्षं कॉन्फिगरमध्येच बंद ठेवलं होतं, कारण त्यातून चुकीचा कोड निघत असे. जीसीसी म्हणजे ब्रह्मवाक्य मानणाऱ्यांनी याचा विचार करावा. आणि ज्यांनी सगळा भार इंटेलच्या जुन्या कंपायलरवर टाकला होता, त्यांना तो २०२३ मध्ये इंटेलनेच थांबवल्यावर मुक्काम हलवावा लागला.

राहिलं तयार डीएलएल. मूळ लायब्ररी एलजीपीएल परवान्याखाली आहे. बांधताना जीपीएलचा पर्याय चालू करून एक्स२६४ जोडलंत, की सगळं जीपीएल होतं. 'नॉनफ्री' पर्याय लावला तर ती बांधणी दुसऱ्याला वाटताच येत नाही. म्हणजे परवाना ठरतो बांधणाऱ्याच्या हातून. आणि बांधणारा कोण, हे तुम्हाला ठाऊकच नाही! इथे ही थट्टा नाही. म्युनिकच्या न्यायालयाने २००४ सालीच, नेटफिल्टरच्या खटल्यात, जीपीएल बंधनकारक मानून मनाई हुकूम दिला होता. आपल्याकडच्या ज्या छोट्या कंपन्या युरोपात माल विकतात, त्यांनी हे तरी ध्यानात घ्यावं.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी टर्बो सीची निळी खिडकी वर्षानुवर्षं दाखवली. पोरांना वाटे, सी म्हणजे तेच. माझं मास्तरांना सांगणं एवढंच: शेवटच्या वर्षाला बँकेचा किंवा ग्रंथालयाचा तोच तो प्रोजेक्ट देण्याऐवजी एफएफएमपेग तीन कंपायलरवर बांधायला द्या. सोबत फेट नावाची चाचण्यांची मालिका येते, ती तिन्हींवर चालवून फरक लिहून काढायला सांगा. सगळं फुकट आहे, बऱ्यापैकी लॅपटॉप पुरतो. फक्त नॅझम आधी बसवा. नाहीतर कॉन्फिगर दारातच अडवतो आणि 'पंगू बांधणी चालणार असेल तर असेंब्ली बंद करा' असं स्वच्छ सुनावतो.