कालच्या गोळीचा अंमल

रात्रीच्या झोपेच्या गोळीचा अंमल सकाळी सरतो, असे आपण गृहीत धरतो. घरोघरी ‘काम्पोज’ म्हणून ठाऊक असलेल्या डायझेपामच्या बाबतीत ते खरे नाही. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या मिलान येथील संशोधनात हे औषध उंदरांच्या लहान व मोठ्या जातींना देऊन मेंदूतील प्रमाण मोजले होते. लहान उंदरांच्या मेंदूत मूळ औषध ओसरल्यावरही त्यापासून शरीरातच तयार झालेले ऑक्झेपाम साचून राहिले, आणि झटके रोखण्याचा परिणामही अधिक काळ टिकला. मोठ्या उंदरांत तसे घडले नाही.

माणसात मुख्यत्वे डेस्मिथाइलडायझेपाम रेंगाळते, तेही कित्येक दिवस. शिवाय डायझेपामचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास विशीत सुमारे २० तास, तर ऐंशीत सुमारे ९० तास लागतात. कालची गोळी शरीरात असतानाच आजची पोटात जाते.

आजी दिवसा पेंगतात, न्हाणीघरात त्यांचा तोल जातो. आपण म्हणतो, ‘वय झाले.’ (मीही पूर्वी तसेच म्हणत असे.) अशा वेळी चालू औषधांची सर्व पाकिटे डॉक्टरांना दाखवावीत. रोजची गोळी मात्र परस्पर एकदम थांबवू नये. झोप उडते, हात कापतात, क्वचित झटकेही येतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवड्यांत मात्रा हळूहळू उतरवता येते.