संघ कोणाचा?

रोहे तालुक्यांतील खांबसारख्या गांवीं कबड्डीचा संघ हरला तरी तो गांवाचाच राहतो. मुंबईच्या व्यावसायिक फुटबॉलची रीत निराळी. महिंद्रा युनायटेड संघानें 2005-06 च्या हंगामांत राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. 2010 सालीं मालकांनीं तो संघच मोडला. विजेतेपद त्यास वांचवूं शकलें नाहीं. पुढें 2020-21 च्या हंगामांत मुंबई सिटी संघानें इंडियन सुपर लीगची ढाल व करंडक दोन्ही मिळविलीं. कोविडच्या सांथीमुळें तो सारा हंगाम गोव्यांत, प्रेक्षकांवांचून झाला. त्या पराक्रमास आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु रिकाम्या मैदानावर हंगाम पार पडला, म्हणून प्रेक्षक अनावश्यक, असा अर्थ मालकांनीं काढूं नये.

पैशावांचून व्यावसायिक खेळ चालत नाहीं, हें आम्हांसही कळतें. पण जर्मनींत, कांहीं अपवाद वगळतां, क्लबांतील मताधिक्य सभासदांच्या हातीं राहावें असा नियम आहे, आणि तेथें पैशाचा दुष्काळ पडलेला नाहीं. मग आमच्याकडेच प्रेक्षकानें केवळ तिकीट काढावें काय? ज्या संघाच्या नांवांत मुंबई आहे, त्याच्या मरणाचा ठराव मुंबईकरांस न विचारतां होणें, हा आमच्या मतें उघड अन्याय आहे.