एचआयव्हीबाधितांचे धूम्रपान : वैद्यांचे मौन कशासाठी?

माझ्याकडे येणाऱ्या एचआयव्हीबाधित रुग्णांचे केसपेपर अलीकडे पुन्हा चाळले. अग्नी, कोष्ठ, निद्रा, बल, सारे तपशीलवार नोंदलेले. ‘व्यसन’ या रकान्यात मात्र बहुतेक ठिकाणी ‘विडी’ एवढाच शब्द, आणि पुढे वर्षानुवर्षे काहीच नाही. दिवसाला किती, कधीपासून, सोडण्याचा प्रयत्न केला होता काय, यांपैकी एकही प्रश्न मी विचारलेला नव्हता. दोष माझा आहे. परंतु व्यवसायबंधूंशी बोलल्यावर तो माझ्या एकट्याचा नाही असे दिसते.

या मौनाचे मूळ जुन्या काळात आहे. एप्रिल २००४ मध्ये शासनाने मोफत ए.आर.टी. सुरू करण्यापूर्वी असा रुग्ण थोड्याच वर्षांचा सोबती समजला जाई. आधीच एवढे दुःख, त्यात विडीचा दिलासा तरी का काढून घ्यावा, ही त्यामागील करुणा होती. आज स्थिती पालटली आहे. २०१७ पासून सी.डी.फोर पेशींची संख्या कितीही असो, निदान होताच औषध सुरू होते आणि ते नियमित घेणारा रुग्ण वार्धक्य पाहू शकतो. त्यामुळेच विडीला आपले काम पूर्ण करण्यास अवधी मिळू लागला आहे. डेन्मार्कमध्ये उपचाराखालील रुग्णांविषयी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एचआयव्हीमुळे आयुष्याची सुमारे ५ वर्षे, तर धूम्रपानामुळे सुमारे १२ वर्षे घटल्याचे आढळले. आपल्याकडील आकडे तंतोतंत तेच असतील असे नव्हे. पण आपल्याकडे क्षयरोग हा या रुग्णांचा मोठा काळ आहे, आणि धूम्रपान त्यालाच हातभार लावते.

“धूम तर तुमच्या ग्रंथातही सांगितला आहे ना?” असे एका ट्रकचालकाने मला विचारले. प्रश्न खोडसाळ असला तरी उत्तर देणे आपले कर्तव्य आहे. चरकाचार्यांच्या धूमपानात तंबाखू नाही. ती पोर्तुगीजांबरोबर या देशात आली आणि सतराव्या शतकाच्या प्रारंभी विजापूरहून अकबराच्या दरबारी पोहोचली. शिवाय धूमपानाला काळ आणि मर्यादा घालून देऊन अतियोगाने होणारे बाधिर्य, रक्तपित्त, शिरोभ्रम इत्यादी उपद्रवही चरकांनी सांगितले आहेत. विडीला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘औषधी विड्या’ आपण सुचवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दुर्बल फुप्फुसाला धूर तो धूरच.

व्यसनमुक्तीसाठी आपण पादांशिक क्रमाचा आधार घेतो. अहितकर सवय क्रमाने सोडावी हे सूत्र सार्थ आहे. पण व्यवहारात ‘दहाच्या आठ केल्या’ येथेच तो क्रम थांबतो आणि वैद्य-रुग्ण दोघेही समाधान मानतात. ब्रिटनमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ६९७ जणांच्या अभ्यासात ठरलेल्या दिवशी एकदम थांबणाऱ्यांपैकी ४९ टक्के चार आठवड्यांनंतरही मुक्त होते. त्याआधी दोन आठवडे कमी करत आलेल्यांपैकी ३९ टक्के. म्हणून क्रम ठेवायचाच असेल तर शेवटच्या विडीची तारीख पहिल्याच भेटीत लिहून घ्यावी.

प्रश्न विचारावा तो रुग्ण एकटा असताना. घरातील कोणास काय ठाऊक आहे हे आपणास माहीत नसते, आणि संमतीविना रुग्णाची एचआयव्ही-स्थिती उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने प्रतिबंध केला आहे. पुष्कळ जण विडी ओढतात ती भीतीने, रात्री झोप लागत नाही म्हणून. त्या निद्रानाशाची चिकित्सा आपल्या हातात आहे, ती करावी. निकोटीनचा च्युइंगम किंवा शासनाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा सुचविण्यात कमीपणा मानू नये. मात्र ए.आर.टी.च्या गोळ्यांना हात लावू नये, आणि आपली औषधे रुग्णाने त्या केंद्रातही सांगावीत असा आग्रह धरावा. लसणाच्या गोळ्यांनी सॅक्विनाव्हिर या औषधाची रक्तातील पातळी निम्म्याने उतरल्याचे २००२ सालीच दिसून आले आहे.

माझ्या केसपेपरवर आता ‘व्यसन’शेजारी ‘थांबण्याची तारीख’ असा नवा रकाना आहे. त्या ट्रकचालकाची तारीख दोनदा पुढे गेली. तिसरी त्याने स्वतःच्या हाताने लिहिली आहे.